लेकीचं लग्न कायद्यात बसत नाही, तेव्हा आईबापांनी करून घ्यायची कागदपत्रं

माझी लेक आणि तिची जोडीदार मुलुंडला राहतात. संक्रांतीला सोसायटीतल्या बायका दोघींना जोडीने हळदीकुंकवाला बोलावतात. नातेवाईक म्हणतात, आता काय राहिलं? मी बँकेत नोकरी केलेली बाई. आमंत्रणावर पैसे निघत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक.

२०१८ पासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. तेव्हा वाट बघत बसू नका, फाइल करायला घ्या.

आधी लेकीचं मृत्युपत्र. हिंदू वारसा कायद्याने अविवाहित, मूलबाळ नसलेल्या मुलीची स्वकष्टाची मिळकत आईवडिलांकडे येते आणि आपण नसलो तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावाकडे. जोडीदाराला छदामही नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करून घ्यायला लावली. साक्षीदार दोन, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. आम्ही माझ्या मुलालाच साक्षीला बसवलं. पेन हातात धरून म्हणाला, "आई, माझ्यावर विश्वास नाही का?" म्हटलं, "तुझ्यावर आहे रे, तुझ्या सासरवर किती ठेवू?" हसला आणि सही केली. उद्या हरकत घेऊ शकेल त्याचीच सही आज कागदावर असलेली बरी.

बँकेत दोघींचं जॉइंट खातं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघींपैकी कुणीही चालवायचं, एक गेली तर दुसरीने. याला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. काउंटरवरचा पोरगा बावचळला तर त्याची प्रत पुढे सरकवा. एकेकटीच्या खात्यांना आणि सोसायटीत शेअर सर्टिफिकेटला नॉमिनेशन करा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, हक्क वारसाचा. म्हणून मृत्युपत्र आधी सांगितलं.

फ्लॅट घेताना करारातच दोघींची नावं घाला. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये; या दोघींना ती सवलत नाही. शिवाय एकीने दुसरीला वर्षात ५० हजारांवर भेट दिली तर घेणारीला आयकर. नवराबायकोला तोही माफ.

दवाखान्यासाठी नोटरी केलेलं अधिकारपत्र करा. मानसिक आजारात निर्णयाला मदत करायला कुठल्याही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं, ती सोय २०१७ च्या कायद्यात आहे. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कागद कोण वाचतं? तिथे "मी पेशंटची आई बोलतेय, जे विचारायचं ते हिलाच विचारा" एवढं फोनवर ठणकावणारं माणूस लागतं. ते काम आपलं. दोघींच्या मोबाइलमध्ये दोन्हीकडच्या आयांचे नंबर हवेतच. लेकीच्या जोडीदाराची आई अजून आमच्याकडे येत नाही, पण नंबर दिलाय.

नवी खाती, नवी घरं होत राहतात, दरवेळी मृत्युपत्र बदलायला कुणी जात नाही. त्यात नसलेली मिळकत पुन्हा वारसांच्या वाट्याला जाते. म्हणून 'याखेरीज माझी जी काही मिळकत असेल ती सर्व' हे वाक्य शेवटी घालायला वकिलाला सांगा.