चित्रपट समीक्षा लिहायला घेताय? या चुका टाळा

‘छायाचित्रण नयनरम्य, संगीत श्रवणीय, अभिनय दमदार, मात्र उत्तरार्धात चित्रपट रेंगाळतो.’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला लावून बघा, बसतं. नवी मुलं आपले लेख वाचायला देतात, त्यांत ते या ना त्या रूपात हमखास सापडतं. मला वाईट वाटतं, कारण सिनेमा मन लावून पाहिलेला असतो. पाहिलेलं कागदावर उतरत नाही.

मत लिहिण्याआधी दृश्य लिहा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. ‘संथ आहे’ म्हणून मोकळं होता येतं. पण त्यात कॅमेरा लांब उभा राहतो, फारसा हलत नाही. सरकारी वकीलबाई न्यायालयात लोकशाहिराविरुद्ध युक्तिवाद करतात, नंतर मुलाला घेऊन घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. दोन्हीकडे आपण त्यांना तशाच अलिप्तपणे पाहत असतो, म्हणून त्यांना खलनायिका ठरवून टाकता येत नाही. एवढं लिहिलंत की त्या संथपणाचं काम वाचकाला कळतं. मग तुमचं मत त्याला पटलं नाही तरी बिघडत नाही, वाद घालायला त्याच्या हाती काहीतरी येतं.

यासाठी एक सवय लावून घ्या. थिएटरबाहेर आल्यावर फोन उघडण्याआधी तीन प्रसंग लिहून काढा: कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, कुठला आवाज कानावर पडत होता. इतरांचे रिव्ह्यू आणि स्टार त्यानंतर.

गोष्ट चार ओळींत सांगा. सहाशे शब्दांतले चारशे कथानकावर गेले, तर उरलेल्यांत वरच्यासारखीच वाक्यं येणार.

सगळं श्रेय दिग्दर्शकाला देऊन टाकणं ही आळसातून होणारी चूक. श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. छायालेखक, संकलक, ध्वनिआरेखक (साउंड डिझायनर) यांची नावं टिपून घ्या. पार्श्वसंगीत आणि ध्वनिआरेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बातमी लिहिताना संस्थांचा घोळ फार होतो. सिनेमाला प्रमाणपत्र देतं ते केंद्रीय मंडळ, ज्याला आपण सवयीनं सेन्सॉर बोर्ड म्हणतो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता जाते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे. चित्रपटांचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं, त्यामुळे केंद्रीय मंडळाच्या निर्णयाविरुद्ध आता उच्च न्यायालयात जावं लागतं. ‘न्यायाधिकरणाकडे दाद मागणार’ असं लिहिलंत, तर जाणकार वाचक पुढचं वाचणार नाही.

ओळखीपाळखीचा प्रश्न सगळ्यात अवघड. परिचयातल्या एका दिग्दर्शकाच्या सिनेमावर लिहिताना मी मुख्य आक्षेप मऊ करून शेवटच्या ओळीत ढकलला होता. सिनेमा पाहून आलेल्या एका वाचकानं पत्रात नेमकं त्यावरच बोट ठेवलं. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून नियम केला: ज्याची मुलाखत घेतली किंवा ज्याच्याशी घरोबा आहे, त्याच्या सिनेमाचा रिव्ह्यू दुसऱ्यानं लिहायचा. संपादकाला हे आधीच सांगा, तो समजून घेतो.

पदवी नाही म्हणून थांबू नका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा रसास्वादाचा अभ्यासक्रम आहे, लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत १९६८ पासून चालणारी प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे. जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर, लोकांत बसून पाहिल्याशिवाय नव्यांना मापायला हाताशी काही राहत नाही.

आणि फक्त शुक्रवारच्या रिव्ह्यूंवर घर चालेल असं धरून चालू नका. नाटकाच्या तालमी, चित्रप्रदर्शनं, मराठी सिनेमाला शो न मिळणं, सरकारी अनुदान या विषयांवर सातत्यानं लिहिणारी माणसं कमी आहेत, तिथे शिरा. मानधन किती, ते कधी मिळणार, लेख पुढे पुस्तकात घेता येईल का, हे कामाला लागण्याआधी ईमेलवर विचारून घ्या.