जाहिराती सांभाळणाऱ्या एजंटासाठी व्हिडिओ-अपलोड टूल: डॉक्युमेंटेशन लिहायला बसण्याआधी

इथे एजंट म्हणजे माणूस नव्हे, जाहिरातींची कामं स्वतः करणारा एआय प्रोग्राम. टूल म्हणजे त्याच्या हातातलं साधन; ते कसं वापरायचं हे त्याला डॉक्युमेंटेशनमधूनच कळतं. त्याची पहिली ओळ लिहिण्याआधी सहा व्हिडिओ एका फोल्डरात जमवा. एक निर्दोष: १५ सेकंदांचा, उभा, १०८० बाय १९२०, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज (हे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याच्या पद्धती). दुसरा आयफोनवरून थेट उतरवलेला, एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकमधला. तिसरा गोव्यातल्या कळंगूटचा हॉटेलवाला पाठवेल तसा, व्हॉट्सॲपवरून आलेला; तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो, मूळ फाइल हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी लागते. चौथा ड्रोनचा, एक जीबीच्या वरचा. पाचवा अर्धवट कॉपी झालेला. सहाव्याचं नाव 'माटोळी बाजार म्हापसा फायनल २', देवनागरी आणि मोकळ्या जागांसकट. चवथीच्या तोंडावर फाइली अशाच नावांनी येतात.

प्रत्येक फाइलीवर एफएफप्रोब (व्हिडिओ फाइलीची माहिती वाचणारा प्रोग्राम) चालवून कोडेक, लांबी, रुंदी-उंची आणि रोटेशन टिपून ठेवा. रोटेशन विसरू नका. फोनवर उभा काढलेला व्हिडिओ फाइलीत बऱ्याचदा १९२० बाय १०८० असा आडवाच साठवलेला असतो आणि सोबत '९० अंश फिरवून दाखवा' एवढी खूण असते. नुसती रुंदी-उंची वाचणारं टूल त्याला आडवा ठरवतं, मग एजंट तो रील्ससाठी घेतच नाही. पाचव्या फाइलीची खोड वेगळी. एमपी४ची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह ॲटम, बहुतेकदा फाइलीच्या शेपटीला असते. शेपूट तुटली की व्हिडिओ उघडत नाही, पण अपलोड मात्र सुखरूप होतो. चूक कळते ती नंतर, प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्म व्हिडिओ वापरण्याजोगा करत असताना.

मग फाइल येते कुठून ते ठरवा. एजंटाकडे सहसा फाइल नसते, लिंक असते. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक चालत नाही, कारण तिच्यामागे व्हिडिओ नसून वेबपान असतं. मोठ्या फाइलीला व्हायरस-तपासणीची सूचनाही आडवी येते. तपासायचं सोपं आहे: लिंकचे हेडर (फाइलीआधी येणारी तिची माहिती) मागवा, कंटेंट-टाइपमध्ये 'व्हिडिओ' दिसलं तर पुढे जा, 'टेक्स्ट-एचटीएमएल' दिसलं तर थांबा. मुदतीची लिंक असेल तर मुदतही लिहा. १५ मिनिटांत मरणारी लिंक रांगेत थांबलेल्या कामाला पुरत नाही.

आता प्रत्येक प्लॅटफॉर्मवर एकदा हाताने अपलोड करून उत्तरं जशीच्या तशी जपून ठेवा. मेटाकडे (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी, तीन टप्प्यांत जाते: स्टार्ट, ट्रान्सफर, फिनिश. स्टार्टला सेशन आयडी (त्या अपलोडचा ओळख क्रमांक) आणि पहिल्या तुकड्याची सुरुवात-शेवट मिळते. दर ट्रान्सफरनंतर पुढचे आकडे येतात. दोन्ही आकडे सारखे झाले की फिनिश पाठवायचं. जूनमध्ये मध्येच वीज गेली तर शेवटच्या मिळालेल्या आकड्यापासून पुढे जायचं, पहिल्यापासून नाही. यूट्यूबच्या रिझ्युमेबल (तुटलं तिथून पुढे चालू होणाऱ्या) अपलोडमध्ये शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा २५६ केबीच्या पटीत लागतो. तिथे ३०८ हे उत्तर चूक नव्हे, 'अजून बाकी आहे' एवढाच त्याचा अर्थ. हे लिहिलं नाही तर एजंट त्याला अपयश समजू शकतो. शिवाय २८ जुलै २०२० नंतर तयार झालेल्या, यूट्यूबकडून ऑडिट न झालेल्या एपीआय प्रोजेक्टमधून (प्रोग्रामने यूट्यूब वापरण्यासाठी केलेल्या नोंदणीतून) चढवलेला व्हिडिओ खाजगीच राहतो. तो जाहिरातीत का दिसत नाही यावर अख्खा दिवस जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त वेळ टूलच्या वर्णनाला द्या. 'व्हिडिओ अपलोड करते' हे वर्णन नव्हे. असं लिहा: 'दिलेल्या थेट लिंकवरचा एक व्हिडिओ जाहिरात-खात्याच्या लायब्ररीत चढवते आणि व्हिडिओ आयडी परत देते. आयडी मिळाला म्हणजे व्हिडिओ तयार झाला असं नाही. आधी स्थिती तपासा. जाहिरात सुरू करत नाही, पैसे खर्च करत नाही.' ही शेवटची दोन नकारार्थी वाक्यं गाळू नका. माणूस शंका आली तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट अंदाज बांधून पुढे जातो.

स्थिती पाहायला वेगळं टूल ठेवा, नाहीतर अपलोडची हाक प्रोसेसिंगची वाट बघत टाइमआउट होते, म्हणजे वेळ संपून तुटते. किती वेळाने पाहायचं तेही आकड्यांत हवं: १० सेकंद, मग २०, मग ४०; १० मिनिटांत 'रेडी' नाही आलं तर थांबून माणसाला कळवा. टाइमआउट झाल्यावर एजंट तेच पुन्हा चढवतो आणि लायब्ररीत एकाच व्हिडिओच्या तीन प्रती होतात. त्यावर उपाय फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा ठसा: तो आधीच नोंदलेला असेल तर टूलने जुनाच आयडी परत द्यावा.

चुकांच्या तक्त्यात प्रत्येक चुकीसमोर तीन गोष्टी हव्यात: काय झालं, पुन्हा करायचं का, कोणाला सांगायचं. मेटाचा चूक-क्रमांक १९० म्हणजे टोकन (खात्यात शिरण्याची किल्ली) निकामी. तिथे पुन्हा प्रयत्न करणं फुकट. नेटवर्क तुटलं तर प्रयत्न करावा. कोडेक न चालणारा असेल तर आधी रूपांतर, मग अपलोड.

मंजुरीचं वेगळं लिहा. मांडवी नदीतल्या कॅसिनोचा व्हिडिओ लायब्ररीत विनातक्रार चढेल, पण जुगाराच्या जाहिरातीला मेटाची आधी लेखी परवानगी लागते. एजंटाने 'काम झालं' असं ग्राहकाला कळवायचं ते अपलोडनंतर नव्हे, मंजुरीनंतर. मेटाच्या व्हिडिओ-जाहिरातीला थंबनेलही (सुरू होण्याआधी दिसणारं चित्र) लागतो. तो कोण देणार, ते लिहून टाका.

उदाहरणांत खरं टोकन किंवा ग्राहकाचा खाते क्रमांक नको.

शेवटी कोऱ्या एजंटाला फक्त हे डॉक्युमेंट आणि सहा फाइलींच्या लिंक द्या, तोंडी काही सांगू नका. तो जिथे चुकेल तिथे वर्णन दुरुस्त करा, प्रॉम्प्ट (एजंटाला दिलेली सूचना) नव्हे. चाचणीच्या व्हिडिओंची नावं 'चाचणी' या शब्दाने सुरू करा, म्हणजे नंतर लायब्ररीतून एका शोधात काढता येतात.