फराळाच्या ऑर्डरचा फॉर्म: रेडिओ बटणं आणि चेकबॉक्स स्क्रिप्टने कसे हाताळायचे

ठाण्याच्या नौपाड्यातून घरगुती दिवाळी फराळ विकणाऱ्या कुणाचाही साधा ऑर्डर फॉर्म डोळ्यांसमोर आणा. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंजी, बेसन लाडू, अनारसे आणि कडबोळी असे ७ पदार्थ, प्रत्येकापुढे एक चेकबॉक्स. सगळ्यात वर ‘सगळा फराळ’ नावाचा आठवा चेकबॉक्स. खाली दोन रेडिओ बटणं: ‘घरपोच हवा’ आणि ‘येऊन नेणार’. घरपोच निवडलं तरच पत्ता आणि विभाग (कोपरी, वर्तकनगर, मानपाडा, ऐरोली) विचारायचा. ३ पदार्थांपेक्षा कमीची ऑर्डर घ्यायची नाही. फॉर्म एवढासाच, पण रेडिओ आणि चेकबॉक्सच्या बहुतेक सगळ्या खोड्या त्यात सापडतात. म्हणून हाच फॉर्म धरून पुढे जाऊ.

एक सूचना. स्क्रिप्ट म्हणजे इथे जावास्क्रिप्ट. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची, लहान-मोठी अक्षरं सांभाळून. कोडमधले आकडेही इंग्रजीच.

आधी एचटीएमएल, मग स्क्रिप्ट

जुन्या गाड्यांच्या रेडिओवर स्टेशनांची बटणं असायची. एक दाबलं की आधीचं टक्कन वर यायचं. रेडिओ बटण हे नाव तिथूनच आलं. ब्राउझरमध्ये हे काम ‘नेम’, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेलं नाव, करतो: एकाच फॉर्ममधली, एकच नेम असलेली रेडिओ बटणं एक गट होतात. नेम दिला नाही, किंवा एका अक्षराचा जरी फरक पडला, की दोन्ही बटणं एकाच वेळी निवडता येतात. ‘रेडिओ नीट चालत नाही’ अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासा. स्क्रिप्टला हात लावायची वेळ बहुधा येत नाही.

प्रत्येकाला व्हॅल्यू, म्हणजे निवडल्यावर सर्व्हरकडे जाणारा शब्द, द्या. ती दिली नाही तर सर्व्हरकडे नुसतं ‘ऑन’ पोचतं आणि कशावर टिक होती ते कळत नाही. पान यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरंही साठवणाऱ्या पद्धतीत) असेल तर व्हॅल्यू म्हणून ‘चकली’ असा मराठी शब्दही चालतो.

लेबल हवंच. चौकोन केवढासा असतो; भर गर्दीत लोकलमध्ये उभ्याने फॉर्म भरणाऱ्याला शब्दावर बोट टेकवूनही टिक करता आली पाहिजे. वेब सुलभतेचे निकष म्हणजे डब्ल्यूसीएजी. त्यांच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. आणि दोन्ही गट वेगवेगळ्या फील्डसेटमध्ये (रकान्यांच्या चौकटीत) घालून त्यांना लेजंड (चौकटीचं शीर्षक) द्या. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ‘येऊन नेणार’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते त्यातूनच समजतं. स्क्रिप्टसाठीही फील्डसेट फार कामाचा आहे, ते पुढे येईलच.

‘चेक्ड’ एक नाही, दोन आहेत

इथे भलेभले फसतात. एचटीएमएलमध्ये लिहिलेला चेक्ड म्हणजे सुरुवातीची स्थिती. स्क्रिप्टमध्ये दिसणारा चेक्ड म्हणजे आत्ताची स्थिती. ग्राहकाने एकदा त्या चौकोनाला हात लावला की दोघांचा संबंध तुटतो. त्यानंतर सेटॲट्रिब्यूट वापरून चेक्ड कितीही वेळा लिहा, स्क्रीनवर काही हलत नाही. फॉर्म रिसेट केला की मात्र तीच लिहिलेली स्थिती परत येते.

म्हणून वाचताना आणि बदलताना नेहमी प्रॉपर्टी, म्हणजे स्क्रिप्टमधला चेक्ड, वापरा:

चकली.चेक्ड = ट्रू

जुन्या साइटवर जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) असेल तर ॲट्र ऐवजी प्रॉप. ही सोय २०११ मध्ये १.६ आवृत्तीत आली, ती याच गोंधळासाठी. त्याआधीच्या काळातला कोड अजून इकडून तिकडे चिकटवला जातो आणि ‘पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा चालत नाही’ अशी तक्रार येते. ही तक्रार ऐकली की ॲट्र शोधा.

कोणतं बटण निवडलंय ते वाचण्यासाठी लूप फिरवायची गरज नाही. फॉर्म.एलिमेंट्स मधून गटाचं नाव मागितलं की पूर्ण गट हाती येतो आणि त्याची व्हॅल्यू म्हणजे निवडलेल्या बटणाची व्हॅल्यू. काहीच निवडलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग. त्याच व्हॅल्यूत ‘घरपोच’ लिहिलं तर ते बटण निवडलंही जातं. मात्र चेकबॉक्सच्या गटावर ही युक्ती चालत नाही, तिथे कायम रिकामीच स्ट्रिंग मिळते. त्यांच्यासाठी फॉर्मडेटा बनवून गेटऑल वापरा, किंवा क्वेरीसिलेक्टरऑल मध्ये चेक्ड हा सूडो-क्लास लावून टिक झालेले तेवढे गोळा करा. आणखी एक खाच: गटात एकच चेकबॉक्स उरला तर एलिमेंट्स गट न देता तो चेकबॉक्सच देतो आणि त्याच्यावर लूप फिरवणारा कोड तिथेच कोसळतो. पदार्थांची यादी डेटाबेसमधून येत असेल तर हे एक दिवस होणारच. क्वेरीसिलेक्टरऑल एका पदार्थालाही यादीच देतो, म्हणून तो बरा.

ऐकायचं कुठे

पानावर काही घडलं की ब्राउझर इव्हेंट पाठवतो आणि स्क्रिप्ट तो ऐकते. क्लिक ऐकू नका, चेंज (निवड बदलल्याचा इव्हेंट) ऐका. लेबलवर क्लिक केलं की ब्राउझर आतल्या चेकबॉक्सवर स्वतःहून दुसरा क्लिक घडवतो, त्यामुळे वरच्या घटकावर क्लिक ऐकणाऱ्याला एका टिकेचे दोन निरोप येतात. बेरीज करणारा कोड असेल तर चकलीचे पैसे दोनदा लागतात. शिवाय क्लिकच्या हँडलरमध्ये (क्लिक आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) चौकोन आधीच पालटलेला असतो. तिथे प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं (ब्राउझरची नेहमीची कृती रोखली) तर हँडलर संपल्यावर ब्राउझर त्याला जुन्या स्थितीत नेऊन ठेवतो, तुम्ही मधे चेक्ड काहीही केलेलं असो.

रेडिओच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चेंज फक्त नव्याने निवडलेल्या बटणावर येतो. ज्याची निवड गेली त्याला काहीच कळवलं जात नाही. ‘घरपोच’ या एकाच बटणावर चेंज ऐकून पत्ता दाखवला, तर ग्राहकाने ‘येऊन नेणार’ केल्यावर पत्ता तसाच उघडा राहतो. म्हणून सुट्या बटणांवर काही न लावता पूर्ण फॉर्मवर एकच लिसनर लावा. बटणावरचा चेंज खालून वर फॉर्मपर्यंत येतोच.

आणि स्क्रिप्टने चेक्ड बदललं तर चेंज येतच नाही. हे चांगलंच आहे, नाहीतर एकमेकांना बदलणारे चौकोन गोल गोल फिरत बसले असते. पण त्यामुळे पुढचं काम आपलं आपण करावं लागतं.

सगळं एका फंक्शनमध्ये

बहुतेक बिघाड होतात ते स्थिती दोन ठिकाणी ठेवल्यामुळे. कुणीतरी ‘निवडलेले’ असं वेगळं व्हेरिएबल ठेवतं, प्रत्येक टिकेला त्यात एक मिळवतं किंवा वजा करतं, आणि कधीतरी स्क्रीनवर ४ टिका दिसत असताना व्हेरिएबल ३ म्हणतं. असं काही ठेवूच नका. चौकोन आणि बटणं हीच खरी स्थिती. ‘ताजं करा’ नावाचं एक फंक्शन लिहा. ते दर वेळी सुरुवातीपासून सगळं वाचेल आणि त्याप्रमाणे पान मांडेल. ७ पदार्थ पुन्हा मोजायला ब्राउझरला काही वेळ लागत नाही.

त्याचं पहिलं काम ‘सगळा फराळ’ची स्थिती ठरवणं (घेतलेले म्हणजे टिक झालेल्या पदार्थांची संख्या, उपलब्ध म्हणजे निवडता येणाऱ्यांची):

सगळा.चेक्ड = घेतलेले > ० && घेतलेले === उपलब्ध
सगळा.इंडिटर्मिनेट = घेतलेले > ० && घेतलेले < उपलब्ध

इंडिटर्मिनेट म्हणजे चौकोनात टिकेऐवजी आडवी रेघ: काही घेतलंय, सगळं नाही. ही अवस्था एचटीएमएलमध्ये लिहिता येत नाही, स्क्रिप्टनेच द्यावी लागते. ती फक्त दिसण्यापुरती असते. सर्व्हरकडे काय जाणार ते चेक्डच ठरवतो. रेघ असताना ग्राहकाने क्लिक केलं की ब्राउझर रेघ काढून टिक देतो, म्हणजे ‘उरलेलंही घ्या’, आणि आपल्याला हवं ते हेच.

‘उपलब्ध’च्या जागी ७ लिहू नका. अनारसे संपले आणि तो चेकबॉक्स डिसेबल (निवडता न येणारा) केला की घेतलेले ६ च्या वर जाणार नाहीत आणि वरची टिक कधीच उमटणार नाही. दोन्ही आकडे डिसेबल नसलेल्या चौकोनांतूनच मोजा. वर ‘> ०’ आहे तो सगळंच संपलं त्या दिवसासाठी: नाहीतर शून्य बरोबर शून्य होऊन ‘सगळा फराळ’वर टिक येईल.

चेंजच्या लिसनरमध्ये आधी बघायचं, बदल ‘सगळा’वर झालाय का. झाला असेल तर सगळ्या उपलब्ध चौकोनांना त्याचंच चेक्ड द्यायचं. मग काहीही असो, ‘ताजं करा’. ‘सगळा’ला नेम देऊ नका, म्हणजे तो सर्व्हरकडे पदार्थ म्हणून जाणार नाही.

दुसरं काम पत्त्याचं. नुसता लपवला तर एक वाईट प्रकार घडतो. पत्त्याला रिक्वायर्ड (भरण्याची सक्ती) असेल आणि तो दिसत नसेल, तर ‘येऊन नेणार’ म्हणणाऱ्याने ऑर्डरचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही. ब्राउझर लपलेल्या रिकाम्या रकान्यावर अडून बसतो आणि त्याची सूचना दाखवायला जागाच नसते. ग्राहकाला वाटतं साइट बंद पडली. म्हणून पत्त्याचा पूर्ण फील्डसेट हिडनही करा आणि डिसेबल्डही. डिसेबल केलेल्या फील्डसेटमधल्या रकान्यांची तपासणी होत नाही, ते पाठवलेही जात नाहीत.

तिसरं काम ३ पदार्थांची अट. चेकबॉक्सवरचा रिक्वायर्ड फक्त त्या एका चौकोनापुरता असतो. रेडिओसारखा गटाला लागत नाही. प्रत्येक पदार्थाला लावलात तर सातही घ्यावे लागतील! इथे सेटकस्टमव्हॅलिडिटी (आपला चुकीचा संदेश लावून फॉर्म अडवणारं फंक्शन) वापरायची, तीही ‘सगळा’ चौकोनावर. पहिल्या पदार्थावर लावली आणि नेमकी चकली संपली, तर डिसेबल चौकोनाची तपासणीच होत नाही आणि एका पदार्थाची ऑर्डरही निघून जाते.

सगळा.सेटकस्टमव्हॅलिडिटी(घेतलेले < ३ ? 'किमान ३ पदार्थ निवडा' : '')

शेवटची रिकामी स्ट्रिंग विसरायची नाही. संदेश तिनेच पुसला जातो. आणि ही ओळ सबमिटच्या हँडलरमध्ये ठेवू नका. ब्राउझर तपासणी आधी करतो, सबमिट नंतर. एकदा संदेश बसला की सबमिट येतच नाही, मग पुसणार कोण? फॉर्म कायमचा अडकतो. ‘ताजं करा’मध्ये असली की प्रत्येक टिकेला आपोआप जागेवर येते.

आता हे फंक्शन कुठून कुठून बोलवायचं ते. चेंजवरून, हे उघड आहे. रिसेटवरून, पण रिसेटचा इव्हेंट रकाने पूर्ववत होण्याच्या आधी येतो, म्हणून सेटटाइमआउट शून्याने थोडं मागे ढकला. आणि विंडोच्या पेजशोवरून, म्हणजे पान समोर आल्याच्या इव्हेंटवरून. ग्राहक ऑर्डर पाठवतो, बॅक दाबून परततो; ब्राउझर त्याच्या टिका जशाच्या तशा आणून ठेवतो, पण चेंज पाठवेलच असं नाही. ‘घरपोच’ निवडलेलं दिसतं आणि पत्ता गायब. पेजशो पान पहिल्यांदा उघडतानाही येतो, त्यामुळे सुरुवातीचं कामही त्यातच भागतं. फायरफॉक्स तर साध्या रिफ्रेशनंतरही टिका राखून ठेवतो. ते नको असेल तर फॉर्मला ऑटोकम्प्लीट ऑफ द्या.

काही सुटी कामं

रीडओन्ली चेकबॉक्सला आणि रेडिओला लागूच होत नाही. ‘दिसू दे, पण बदलता येऊ नये’ असं हवं असेल तर डिसेबल करा आणि तीच व्हॅल्यू एका हिडन इनपुटमधून पाठवा. निवडलेला रेडिओ पुन्हा दाबून काढता यावा म्हणून स्क्रिप्ट लिहू नका. कीबोर्डवाल्याला ते जमत नाही. ‘अजून ठरलं नाही’ असं तिसरं बटण द्या.

सर्व्हरकडे टिक नसलेला चौकोन ‘नाही’ म्हणून जात नाही. तो जातच नाही. तिकडचा कोड त्याच हिशेबाने लिहा. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल तर पदार्थांच्या नेमला शेवटी चौकोनी कंसांची रिकामी जोडी लावा, नाहीतर ५ पैकी शेवटचा एकच पदार्थ हाती लागेल. आणि ३ पदार्थांची अट तिथेही तपासा. ब्राउझरमधली तपासणी कुणालाही बंद करता येते.

‘सणासाठी देणगी ५० रुपये’ किंवा ‘गिफ्ट पॅकिंग’ अशा चौकोनावर आधीच टिक ठेवू नका. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात काही घुसवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी मांडणी, ठरतं. जाहिरातीचे मेसेज पाठवायची संमतीही ग्राहकाने स्वतःच्या हाताने टिक करूनच द्यायला हवी.

चाचणी माउस बाजूला ठेवून करा. टॅबने पदार्थांवरून जा, स्पेसने ३ टिका करा, वरच्या चौकोनात रेघ आली का बघा. पुढच्या टॅबला रेडिओच्या गटात शिरलात की बाणाने खाली-वर व्हा. बाण हलला की निवड बदलते आणि दर वेळी चेंज येतो. म्हणूनच रेडिओच्या चेंजवर फॉर्म परस्पर पाठवायचा नसतो. ‘घरपोच’वर पत्ता उघडला, ‘येऊन नेणार’वर मिटला, की ऑर्डर पाठवा, बॅक दाबा, आणि पत्त्याचा भाग बटणाशी जुळतोय का ते पुन्हा एकदा पाहा.