मेक्सिकोत पेट्रोल भरताना : आधी शून्य, मग नळी

मेक्सिकोत भाड्याची गाडी घेतली की दोन कटकटी असतात. प्रत्येक पंपाचा भाव वेगळा, आणि पंपावर भरणारा माणूस आपल्याला परदेशी म्हणून लगेच ओळखतो.

१. निघण्याआधी प्रोफेको या सरकारी ग्राहक संस्थेचं ‘लित्रो पोर लित्रो’ ॲप उघडा. जवळच्या पंपांचे भाव त्यात दिसतात. 2017 पासून भाव खुले झालेत, त्यामुळे एकाच शहरातही फरक पडतो.

२. गाडीतून खाली उतरा. बसून राहू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. पंपाचा आकडा बघा आणि ‘एन सेरोस, पोर फावोर’ म्हणा, म्हणजे ‘शून्यावरून, प्लीज’. नळी त्यानंतरच टाकीत जाऊ द्या.

३. पेट्रोल रंगाच्या नावाने मागतात. ‘वेर्दे’ म्हणजे हिरवं, साधं पेट्रोल, ‘माग्ना’. ‘रोहो’ म्हणजे लाल, महागडं प्रीमियम. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना माग्ना चालतं. तरी टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

४. टाकी फुल केलीत तर लिटरचा आकडा टाकीच्या क्षमतेशी ताडून बघा. पाव टाकी शिल्लक असताना 40 लिटरच्या टाकीत 38 लिटर ‘मावले’, तर तिथेच विचारा आणि पावती घ्या.

नोट देताना जपा. 500 पेसोची नोट निळसर, त्यावर माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचं चित्र. 20 ची जुनी नोटही निळी आणि त्यावरही तेच! म्हणून ‘किनियेन्तोस’ (पाचशे) असं मोठ्याने म्हणत नोट हातात द्या. काम नीट झालं तर पाच-दहा पेसो टिप द्यायची तिथे रीत आहे.