हद्दपारीची नोटीस आली तर: वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करावं. फौजदारी खटल्यात आरोपीला ऐपत नसेल तर न्यायालय वकील देतं. इथे वकील ठेवायचा हक्क आहे, खर्च मात्र तुमचा. समोर सरकारचा पगारी वकील असतो, आणि तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली तरी सुनावणी पुढे जाऊ शकते.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यात तिघे महाराष्ट्रातले. ‘ते चोरवाटेने गेलेले, आपला काय संबंध?’ असं न्यू जर्सीतल्या एडिसन-जर्सी सिटीकडच्या आपल्या मंडळींना वाटू शकतं. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की त्याला देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते, आणि ती घरभाडं, मुलांची शाळा, मुलाखती यांत बघता बघता संपते. दुकानातून वस्तू उचलल्याचं जुनं प्रकरण दंड भरून मिटवलेलं असलं, तरी ते ग्रीन कार्डवाल्यालाही नडू शकतं. म्हणून ही तयारी सगळ्यांनीच करावी, आणि घरी निवांत असताना करावी.

सुरुवात ए-नंबरपासून, म्हणजे इमिग्रेशनच्या सरकारी नोंदीतल्या तुमच्या ओळख क्रमांकापासून. ग्रीन कार्डावर, वर्क परमिटवर किंवा न्यायालयात हजर राहण्याच्या नोटिशीवर तो असतो. हा नंबर हाताशी असला की पुढची तारीख इमिग्रेशन न्यायालयाच्या वेबसाइटवर किंवा फोनवर स्वतःला बघता येते. तो घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही लिहिलेला असावा. आइसने, म्हणजे अटक आणि हद्दपारी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, उचललेला माणूस कुठे ठेवलाय हे त्यांच्या ऑनलाइन शोधसेवेत पाहायचं तर ए-नंबर आणि जन्मदेश लागतो. नंबर नसेल तर नाव लागतं, आणि तिथे आपली पंचाईत होते. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर दोन्ही नावं एकत्र, आडनावाचं स्पेलिंग भावाचं वेगळं आणि बहिणीचं वेगळं. शोधसेवेला नाव अक्षर न् अक्षर जुळलेलं लागतं. तेव्हा आजवरच्या सगळ्या कागदांवर नाव कसकसं छापलंय ते एका पानावर उतरवून ठेवा.

मग कागद. पासपोर्टची सगळी पानं, जुने पासपोर्टही, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आलेल्या सगळ्या मंजुरीच्या नोटिसा, कर भरल्याचे कागद, जन्माचा आणि लग्नाचा दाखला. पोलिसांशी कधीही संबंध आला असेल, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याचा, तर त्या न्यायालयातून अंतिम निकालाची प्रमाणित प्रत काढून आणा. ‘ते मिटलं होतं’ या तोंडी माहितीवर वकिलाला काही करता येत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि सोबत भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र, की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकार लागत नाही. मराठी-इंग्रजी चांगलं येणारा, शक्यतो नात्याबाहेरचा माणूस गाठावा.

आता वकील. लग्नाच्या स्थळाची करतो तेवढी तरी चौकशी इथे करावी. ज्या राज्याचं लायसन्स असेल त्या राज्यात वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर नाव तपासा, कारवाई झाली आहे का तेही बहुधा दिसतं. ‘पेपरवर्क करून देतो’ म्हणणारे कन्सल्टंट आणि नोटरी यांच्यापासून लांब राहा. आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुधा वकीलच, त्यामुळे माणूस फसतो; अमेरिकेत नोटरी फक्त सहीचा साक्षीदार असतो, त्याला कायद्याचा सल्ला देता येत नाही. वकील नसलेल्यांपैकी एका वर्गाला मात्र रीतसर परवानगी आहे: न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमधले अधिकृत प्रतिनिधी. त्यांच्यातही पूर्ण मान्यता असलेलेच न्यायालयात उभे राहू शकतात, हे विचारून घ्या. मोफत काम करणाऱ्यांची यादी इमिग्रेशन न्यायालयच प्रसिद्ध करतं. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये अटकेतल्या स्थलांतरितांसाठी सार्वजनिक पैशातून वकील द्यायला सुरुवात केली, आणि न्यू जर्सीतही राज्याच्या पैशातून तशी योजना उभी राहिली. पगार चांगला असलेल्यांना याचा उपयोग नसेल, पण रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ओळखीच्या मुलाला सांगायला हे माहीत हवं.

कंपनीच्या वकिलावर विसंबू नका. तुमची एच-१बी त्याने भरली असेल, माणूस सज्जनही असेल, पण त्याचे पैसे कंपनी देते, आणि नोकरी सुटल्यावर तो तुमच्यासाठी उभा राहील असं नाही. शिवाय व्हिसाचे अर्ज भरणं आणि हद्दपारीचा खटला लढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. याआधी किती हद्दपारीचे खटले चालवलेत, कोणत्या न्यायालयात, हे सरळ विचारावं. फौजदारी प्रकरणही चालू असेल तर दोन्ही वकिलांची गाठ घालून द्या. दोष कबूल केल्याने हद्दपारी ओढवू शकते, हे फौजदारी वकिलाने अशिलाला सांगायलाच हवं असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. तरीही ‘ही कबुली दिली तर माझ्या व्हिसाचं काय?’ हा प्रश्न आपणच विचारावा.

वकील स्थानिक हवा, पण कुठला स्थानिक, यावर माझा जरा जास्त भर आहे. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे कुठल्याही राज्याचा वकील इमिग्रेशन न्यायालयात उभा राहू शकतो. मात्र अटक झालेल्याला न्यू जर्सीतल्या नेवार्कहून लुइझियाना किंवा टेक्ससला हलवलं, की अपिलाचं न्यायालयही बदलू शकतं आणि लागू होणारे निकालही. अटकेलाच आव्हान देणारा हेबिअस कॉर्पसचा अर्ज सर्वसाधारणपणे त्या घडीला माणूस ज्या जिल्ह्यात डांबलेला असेल तिथल्याच फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात करावा लागतो. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आंदोलक महमूद खलील यांना न्यूयॉर्कमध्ये पकडलं. वकिलांनी पहाटेच अर्ज केला तेव्हा ते न्यू जर्सीत होते, म्हणून पुढे त्यांना लुइझियानात नेल्यावरही तो अर्ज न्यू जर्सीच्याच फेडरल न्यायालयात चालला. काही तासांना इतकी किंमत असते. म्हणून घराजवळचा एक वकील आधीच ठरलेला असावा, आणि त्याला विचारून ठेवावं की तो फेडरल न्यायालयात असा अर्ज करतो का, नसेल तर कोणाकडे पाठवेल.

फी लेखी ठरवा. बाँडची (सुटकेसाठी भरायच्या रकमेची) सुनावणी, मुख्य खटला आणि अपील यांचे पैसे वेगवेगळे असू शकतात, आणि वकील फक्त बाँडपुरताही उभा राहू शकतो. त्याने न्यायालयात ई-२८ हा फॉर्म भरला का, कशासाठी भरला, ते बघा. वकील मराठी बोलणारा हवाच असा हट्ट नको. न्यायालय स्वतःच्या खर्चाने दुभाषी देतं. फक्त भाषा विचारली की ‘मराठी’ असं ठामपणे सांगा. हिंदी जमतं म्हणून हिंदीला हो म्हणाल आणि उलटतपासणीत अडखळाल.

तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलं तर तुमच्या माघारी हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. घर बदललं की इमिग्रेशन न्यायालयाला पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचं आणि यूएससीआयएसला, म्हणजे ग्रीन कार्ड वगैरेचे अर्ज बघणाऱ्या खात्याला, वेगळं, दहा दिवसांत. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळतं असं नाही. आश्रय मागायचा असेल तर देशात आल्यापासून एका वर्षाची मुदत असते, अपवाद मोजके.

अटक झालीच तर न वाचलेल्या, न कळलेल्या कागदावर सही करायची नाही, आणि वकील हवा हे सांगायचं. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा अशी मागणीही करा; ते आपोआप होईल असं धरू नका. मोबाइल काढून घेतला जातो, म्हणून वकिलाचा आणि घरचा असे दोन नंबर तोंडपाठ हवेत. बाँड प्रत्येकाला मिळतोच असं नाही. मिळाला तर तो भरणाऱ्याचा स्वतःचा कायदेशीर दर्जा पक्का लागतो, म्हणून तो माणूस आत्ताच विचारून ठेवा. मुलांना शाळेतून कोण आणेल, डॉक्टरांकडे कोण नेईल, याचं अधिकारपत्र त्याच्याच किंवा दुसऱ्या कुणाच्या नावे करून घ्या, आणि औषधांची यादी फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.