कूलर बंद ठेवून एकदा चालवून पाहा

बीम कूलिंग म्हणजे कणांच्या झोतातली (बीममधली) विस्कळीत धावपळ कमी करणं. त्याच्या सिम्युलेशनकडे नव्याने वळणाऱ्यांना मी आधी एकच काम सांगते: कूलर, म्हणजे ही धावपळ कमी करणारा प्रोग्रॅममधला भाग, बंद करा आणि प्रोग्रॅम चालवा. मला हे उशिरा कळलं.

सुरुवातीला मी प्रोटॉन बीमच्या इलेक्ट्रॉन कूलिंगवर काम करत होते. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ गेर्श बुडकर यांची, १९६६ सालची; रशियातल्या नोवोसिबिर्स्कला १९७४ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. त्वरकाच्या वलयात फिरणाऱ्या प्रोटॉनांसोबत, त्यांच्याच सरासरी वेगाने, थोडं अंतर इलेक्ट्रॉनांचा शांत झोत सोडायचा. घोळक्यापेक्षा पुढेमागे किंवा आडवेतिडवे पळणारे प्रोटॉन आपली जादा धावपळ इलेक्ट्रॉनांना देऊन टाकतात. म्हणजे बीम हळू होत नाही, कणाकणांतला फरक घटतो. त्या फरकाचं माप म्हणजे एमिटन्स.

माझ्या आलेखात एमिटन्स सुरेख उतरत होता. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "इलेक्ट्रॉनांचं घर्षणबल शून्य करून चालव." केलं, तरी रेघ उतरतच राहिली!

कारण होतं कणांची गती पावलापावलाने काढणारी माझी रुंगे-कुट्टा पद्धत. चौथ्या ऑर्डरची ही पद्धत दर पावलाला आंदोलनाचा आयाम अगदी किंचित खाते. थोड्या फेऱ्यांत ते दिसत नाही, पण कूलिंगला लाखो फेऱ्या लागतात आणि तोवर ही गळती खऱ्या कूलिंगएवढी दिसू लागते. लिऊव्हिलच्या प्रमेयानुसार नुसत्या चुंबकांनी फेज स्पेसमधलं (कणांची स्थानं आणि संवेग मिळून होणाऱ्या अवकाशातलं) आकारमान बदलत नाही. हे जपणारी सिम्प्लेक्टिक पद्धत, अगदी साधी लीपफ्रॉगसुद्धा, वापरल्यावर कूलरविना रेघ आडवी राहिली. तो दिवस मला अजून आठवतो. आपण आता खरंच काहीतरी मोजतोय असं पहिल्यांदा वाटलं.

स्टोकॅस्टिक कूलिंगमध्ये खोच निराळी. सिमॉन व्हान डर मेर यांच्या या पद्धतीत (१९८४चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यातलीच ही) कणांच्या छोट्या नमुन्याची सरासरी चूक मोजून ती दुरुस्त करतात. कण जितके जास्त तितका वेळ जास्त. संगणकात आपण दहा हजार कण घेतो, खऱ्या बीममध्ये अब्जावधी असतात. म्हणून मिळालेला वेळ कणसंख्येच्या प्रमाणात वाढवल्याशिवाय कुणाला सांगू नका. मी कणसंख्या दुप्पट करून वेळही साधारण दुप्पट होतो का, ते आधी बघते.

मुऑन हा इलेक्ट्रॉनासारखाच पण जड कण. त्यांच्या आयनीकरण कूलिंगमध्ये, म्हणजे पदार्थातून नेऊन धावपळ घटवण्याच्या पद्धतीत, एमिटन्सशेजारी उरलेल्या कणांची संख्याही काढा. मुऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतो, शिवाय कडेचे कण नळीवर आदळून गेले की एमिटन्स आपोआप घटतो. ते कूलिंग नव्हे, ती छाटणी.

तयार प्रोग्रॅम आहेत, रशियातल्या दुब्नाच्या संशोधन संस्थेचा बीटाकूल त्यातला जुना. पण पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहा, पायथनमध्ये, एका मितीत: रेषीय वलय, एक घर्षणबल, हजार कण. बल शून्य केल्यावर रेघ आडवी राहिली की मग बीटाकूल उघडा.