परीक्षण तिकिटाच्या मागे मावलं पाहिजे

सांगलीत राहून नाटकावर लिहायचं म्हणजे दडपण येतंच. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच नाटक उभं केलं, आणि आपण हौशे-नवशे! या धास्तीनं माझ्या वहीत सात परीक्षणं अर्धवट पडली होती. एकदा 'नेपथ्य सूचक' की 'नेपथ्य बोलकं' यावर अख्खा रविवार घालवला. तोवर नाटक गाव सोडून गेलेलं.

आता प्रयोगाहून घरी आलं की झोपायच्या आधी तिकिटाच्या मागे तीनच गोष्टी लिहितो: डोळ्यासमोरून हलत नाही तो प्रसंग, जांभई आली ती जागा आणि आजूबाजूच्या खुर्च्यांतून कानावर पडलेलं एखादं वाक्य. परवा मागच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "मरायला एवढा वेळ लागतोय होय ह्याला!" शेवटचा प्रवेश लांबला हे सांगायला मला दोन परिच्छेद लागले असते. तिकीट मोबाइलवर असेल तर भडंगाचा कागद चालतो. त्यावर मावलं नाही ते सोडून द्या.

सकाळी चाळीस मिनिटांचा गजर लावून दोनशे शब्द लिहायचे. गजर झाला की फक्त नावं आणि तारीख तपासायची. तिथं मात्र हयगय नको, चुकलेलं नाव कलाकाराला लागतं. विशेषणांना हात लावायचा नाही. प्रकाशयोजनेतलं कळत नसेल तर त्यावर लिहूच नका; कुणी विचारत नाही.

मग पाठवून द्यायचं. नंतर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला तरी त्या दिवशी वही उघडायची नाही.